दोनदा विचारणारी खिडकी

वॉरेन हापालानं कपाटाचं दार उघडलं ते फक्त शर्ट टांगायला. जॉइसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, धुऊन इस्त्री करून दिलेले बापाचे तीन फ्लॅनेलचे शर्ट, एरवी तो ते पलंगावरच ठेवून निघायचा. दाराच्या आतल्या अंगाला एक छापील कागद चिकटवलेला होता. बाप राहायचा त्या वृद्धनिवासात प्रत्येक कपाटात तो असतो, म्हणजे उद्या नवी नर्स आली तरी समोरचं माणूस कोण, काय खातं, काय खात नाही, हे तिला विचारत बसायला नको. नाव रेइनो हापाला. वय एकोणऐंशी. धर्म लुथरन. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उजव्या खुब्याचं हाड मोडलेलं. कॉफी काळी, साखर नको. अपत्ये: नाहीत. वॉरेननं पहिला शर्ट टांगला, दुसरा टांगला, आणि तिसरा हातात धरून ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यानं सवयीनं ओळीच्या वरची आणि खालची जागा बघितली, दोन्ही सारखी होती, आणि ती सारखी आहे याचं त्याला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. कारण कागद त्यानंच आखलेला होता. या निवासातला संगणकावरचा सगळा कारभार तो नोकरी करायचा त्याच कंपनीचा, आणि माहिती भरायचे जवळजवळ सगळे फॉर्म पडद्यावर उघडणाऱ्या ज्या छोट्या खिडक्यांवर चालतात, त्या खिडक्या वॉरेनच्या. मागून बाप म्हणाला, "दार लाव. वारा येतोय."

"कपाटातून?"

"मग कुठून येतोय ते तू सांग. शिकलेला तू." रेइनो खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसून गाड्या लावायची जागा बघत होता. निवासाच्या माहितीपत्रकात या खोलीतून सरोवर दिसतं असं छापलेलं होतं, आणि खरोखरच, मान पार वळवली तर दोन इमारतींच्या मधून हातभर सरोवर दिसायचं. रेइनोनं मान कधी वळवली नाही. अडतीस वर्षं बोटींत खनिज भरायच्या धक्क्यावर उभं राहून त्यानं ते पाणी बघितलं होतं, आता हातभर बघून काय करायचं, असं त्याचं म्हणणं असावं. असावं म्हणायचं, कारण तो म्हणत काहीच नसे. "काय वाचतोयस एवढं?" त्यानं विचारलं. "काही नाही," वॉरेन म्हणाला, "शर्ट." आणि दार लावलं. मग दोघांनी कॉफी घेतली. वॉरेननं बेकरीतून आणलेला वेलदोड्याचा गोड पाव कापला, आईच्या पद्धतीनं, तिरका. बापानं दोन तुकडे खाल्ले आणि पाव मागच्या रविवारपेक्षा कोरडा आहे म्हणाला. रविवार असाच जायचा, त्यात वाईट काही नव्हतं. फक्त आज वॉरेनला वाटत राहिलं की आपण इथे नक्की कोण म्हणून बसलोय. ज्याला मूल नाही अशा माणसाच्या खोलीत बसून पाव कापणारा सत्तेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ कोण?

लिफ्टमध्ये त्याला एकदम उमगलं, आणि तो एकटाच हसला. गळती. जुना राहिलेला मजकूर. त्याच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल असं ते उत्तर होतं. ती छोटी खिडकी, जिला त्यांच्यात डायलॉग म्हणतात, प्रत्येक वेळी नव्यानं घडवली जात नाही. निवासांमधली यंत्रं जुनी, एक खिडकी नव्यानं उभी करायची तर दोन दोन सेकंद लागतात, आणि कारकून बायका दोन सेकंदांत कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. म्हणून वॉरेननं युक्ती केली होती. खिडकी एकदाच घडवायची, काम झालं की मोडायची नाही, नुसती पडद्याआड लपवायची, आणि पुढचं माणूस आलं की तीच पुढे आणायची. एकच खिडकी, एकोणीस फॉर्म. नातलग विचारायला तीच, औषधं विचारायला तीच, कोणाला कोणतं जेवण चालत नाही ते विचारायलाही तीच. कंपनीत नव्या आलेल्या पोरांना ती दाखवून सांगतात की काम कसं करावं ते बघा, एकदा बनवा आणि सगळीकडे लावा. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. पुढे आणण्याआधी आधीच्या माणसाचं सगळं पुसायचं. न पुसलं तर मागच्याचं उत्तर पुढच्याच्या नावावर जातं. तीन वर्षांपूर्वी तसं एकदा झालंही होतं. मागच्या कुणाचा तरी धर्म तसाच राहिला, आणि एका कट्टर लुथरन म्हातारीच्या उशाशी कॅथलिक पाद्री येऊन बसला. बाई शुद्धीवर होती. तिनं त्याला बूट फेकून मारला म्हणतात. त्यानंतर वॉरेननं पुसायची ओळ घातली होती. पण एकोणीस फॉर्म आहेत, एखादा राहिला असेल. राहिलाच असणार. बापाच्या आधी कुणी निपुत्रिक माणूस दाखल झाला असेल, त्याचं "नाहीत" खिडकीत तसंच बसून राहिलं असेल. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या हातून चूक झालेली असावी म्हणून आपण देवाला विनवतोय. वीस वर्षांच्या नोकरीत असलं मागणं त्यानं कधी मागितलं नव्हतं.

जॉइसला तो काही बोलला नाही. काय सांगणार? कागदावर चूक आहे म्हणालो तर ती म्हणेल, मग सांगून दुरुस्त करून घे. बाईमाणूस सरळ बोलतं, आणि सरळ बोललेलं त्या रात्री त्याला नको होतं. एप्रिलमधल्या त्या दिवसाकडे मन सारखं जात होतं आणि तो ते वळवून आणत होता. त्या शुक्रवारी बापाला निवासात आणायचं ठरलं होतं. त्याच दिवशी कंपनीची चौथी आवृत्ती बाहेर पडायची होती, एकशे सत्तर निवासांना तिच्या संगणकी चकत्या, म्हणजे डिस्क, रवाना व्हायच्या होत्या, आणि सकाळी नऊ वाजता वॉरेनच्याच खिडकीत एक दोष निघाला. त्यानं शेजारच्या तोइवोला फोन केला, तुझ्या ट्रकमधून बाबांना तेवढं सोड, मी चारपर्यंत येतो. चारचे सहा झाले, सहाचे नऊ. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो पाव घेऊन गेला तेव्हा बाप खुर्चीत बसलेला होता. "आलास?" म्हणाला. बस्स, एवढंच. फिनिश माणूस, आधीच अबोल जात, त्यातून धक्क्यावरचा. वॉरेननं त्यावेळी मनाशी ठरवून टाकलं होतं की बापाला राग आलेला नाही. आला असता तर बोलला असता, असं. पण बाप केव्हा बोलला होता? आई गेली तेव्हा बोलला नव्हता. वॉरेन धक्क्यावर काम करणार नाही, कॉलेजात जाणार म्हणाला, तेव्हाही नव्हता. एकदाच, त्याच्या कामाबद्दल, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यानं विचारलं होतं, "म्हणजे तू नक्की करतोस काय?" वॉरेननं समजावलं होतं, बाबा, संगणकावर काम करताना मध्येच एक छोटी खिडकी उघडते, काहीतरी विचारते, उत्तर दिलं की मिटते, ती खिडकी मी करतो. प्रश्न कुठला ते ज्याचं त्यानं ठरवायचं. रेइनोनं बराच वेळ विचार केला. "चौकट तुझी. प्रश्न दुसऱ्याचा. उत्तर तिसऱ्याचं." मग पाइप झटकत म्हणाला, "मग पगार कशाचा देतात?" आई तेव्हा होती, ती पोट धरून हसली होती. वॉरेनही हसला होता. बाप हसला होता की नाही, ते आता काही केल्या आठवत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यानं हातातलं काम बाजूला सारलं आणि निवासात चालते तीच आवृत्ती आपल्या यंत्रावर चढवली. एक खोटा म्हातारा दाखल केला, मुलं नाहीत. खिडकी मिटवली. दुसरा खोटा म्हातारा आणला. खिडकी उघडली, कोरी. पुन्हा केलं. उलट केलं, आधी पाच मुलांचा, मग बिनमुलांचा. कोरी. मधेच फॉर्म सोडून दुसऱ्या फॉर्मवर जाऊन परत आला, वीजच बंद केली, एकाच वेळी दोन फॉर्म उघडले. कोरी. अकरा वाजेपर्यंत त्यानं एकतीस म्हातारे दाखल केले होते, आणि प्रत्येकासाठी ती खिडकी नुकत्याच धुतलेल्या पाटीसारखी समोर येत होती. पलीकडच्या टेबलावरची इव्हॉन, जिचं कामच मुळी दुसऱ्यांच्या चुका शोधायचं, ती कॉफीचा मग घेऊन मागे येऊन उभी राहिली. तेरा वर्षं ती वॉरेनच्या चुका शोधत होती, म्हणून तिला त्याच्याशी कसंही बोलायची मुभा होती.

"काय रे, माझ्या पोटावर पाय देतोस का? शोधायचं काम माझं."

"पुसायची ओळ कुठेतरी चालत नाहीये."

"कुठे?"

"तेच सापडत नाहीये."

"नाहीच आहे तर सापडेल कशी?" इव्हॉन वाकून पडद्याकडे बघत म्हणाली. "ती ओळ मी स्वतः तपासलीय, पाद्रीबुवांच्या प्रकरणानंतर. सगळ्या एकोणीस ठिकाणी. झालंय काय? कुठून तक्रार आली?"

"एका निवासातून. एका म्हाताऱ्याच्या नावापुढे मुलं नाहीत असं आलंय. आणि त्याला मूल आहे."

"मग म्हाताऱ्यानंच सांगितलं असेल."

"असं कोण सांगेल?"

"माझी आई सांगेल," इव्हॉन म्हणाली. "मंगळवार ते गुरुवार हमखास सांगेल." ती हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. "अरे, पण सकाळपासून स्वतः टिचक्या मारूनही तू विसरलास काय? मुलं नाहीत म्हटलं की तुझी खिडकी पुन्हा विचारते. खरंच एकही अपत्य नाही? तूच घातलंयस ते. आणि नुसतं बटण बडवून पुढे जाता येत नाही, माउसनं मुद्दाम जाऊन 'हो' वर टिचकी मारावी लागते. मी तेव्हा म्हटलं होतं, कारकून बायका तुला शिव्या घालतील. तू म्हणालास, घालू देत. ही असली गोष्ट चुकून लिहिली जाता कामा नये."

म्हणाला होता खरा. अगदी याच शब्दांत म्हणाला होता आणि त्यावर तासभर भांडला होता. वॉरेन पडद्याकडे बघत बसला. हातानं केलं ते कपाळी आलं, याला कुणाला दोष द्यायचा? म्हणजे ते "नाहीत" कुठून गळून आलेलं नव्हतं. कुणीतरी विचारलं होतं आणि कुणीतरी सांगितलं होतं. मग पुन्हा विचारलं होतं आणि पुन्हा सांगितलं होतं. "कुणाच्या नावावर आहे?" इव्हॉननं हळू आवाजात विचारलं. त्यानं नाव सांगितलं नाही, पण ती काही कुकुलं बाळ नव्हती. तिनं कॉफीचा मग त्याच्या टेबलावर ठेवला, स्वतःचा, अर्धा प्यालेला, आणि निघून गेली. दुपारभर त्याला काही सुधरेना. बापाला राग होता तर सात महिने दर रविवारी माझ्याकडून शर्ट कसे घेतले? आणि राग नव्हता तर ते का सांगितलं? का तो नुसता विनोद होता? बाप विनोद करायचा, पण त्याचा विनोद आणि त्याचा राग तोंडावर सारखेच दिसायचे. खिडकीला विचारून उपयोग नव्हता. काय उत्तर दिलं ते खिडकी ठेवते. कुठल्या आवाजात दिलं, ते ठेवायला वॉरेननं तिच्यात जागाच केलेली नव्हती.

मंगळवारी तो कामावर न जाता निवासात गेला. दाखल करून घेण्याचं काम करणारी लुसिल सोमवार ते शुक्रवारच असते, त्यामुळे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. साठीची जाडजूड बाई, गळ्यात साखळीला चष्मा. त्यानं आपण कोण ते सांगितलं तर ती चष्मा चढवून बघतच राहिली. "मुलगा? मी वहीत बघते, दर रविवारी हापाला म्हणून सही असते. मला वाटलं पुतण्या असेल. रविवारी येणारे बहुतेक पुतणेच असतात."

"त्यांनी मुलं नाहीत असं सांगितलं?"

"ते सांगितलं नंतर," लुसिल म्हणाली. "आधी तुमचं नाव सांगितलं. नंबरही दिला, पाठ होता त्यांना. आता माझी एक पद्धत आहे, कंपनीची नाही, माझी. नंबर दिला की मी माणसासमोरच फोन लावून बघते. लोक चुकीचे नंबर देतात हो. चुकून देतात, मुद्दामही देतात. उद्या कुणाला काही झालं की मी कुणाला हाका मारू? तर लावला. तुमच्या हापिसातली मुलगी म्हणाली, साहेब महत्त्वाच्या कामात आहेत, आज कुणाचाच फोन देऊ नका म्हणालेत. मी म्हटलं, बाई, फोन नको देऊस, नंबर बरोबर आहे एवढं सांग. ती म्हणाली बरोबर आहे. तुमच्या वडिलांनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. तर म्हणाले, मुलं नाहीत असं लिही. मी म्हटलं, अहो आत्ता तर नंबर दिलात. म्हणाले, तो नंबर कंपनीचा आहे."

वॉरेन तिच्या समोरच्या खुर्चीत बसला.

"मग मी टिचकी मारली, तर ते मशीन पुन्हा विचारतं, माहितीय ना, खरंच एकही नाही का म्हणून. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, मी सगळं वाचून दाखवते. तर हसले. म्हणाले, हे दोनदा विचारणारं कुणी केलंय? मी कंपनीचं नाव सांगितलं. म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. मग म्हणाले, नाही." लुसिलनं चष्मा उतरवला. "मला तेव्हाच कसंसं झालं होतं. पण माणूस शुद्धीत आहे, तोंडानं सांगतोय, मी कोण खोटं म्हणणार? बदलायचं तर तेही त्यांच्याच तोंडून यायला हवं. घेऊन या त्यांना खाली. मी आहे."

जिना चढताना, लिफ्ट असूनही तो जिन्यानंच गेला, त्याला एवढंच कळत होतं की बापानं ते लुसिलला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी वॉरेन आला नव्हता, पण त्याची खिडकी तिथे हजर होती, आणि तिनं आपल्या तोंडानं विचारलं होतं, दोनदा. बापानं उत्तर तिला दिलं होतं. आणि ते उत्तर तेव्हापासून कंपनीच्या यंत्रात, वॉरेनच्याच रकान्यात, पडून होतं. याच्यावर रडायचं की चिडायचं हे काही केल्या त्याला ठरवता येईना. खोलीच्या दारात पोचेपर्यंत नुसता दम लागला होता.

"आज मंगळवार," रेइनो म्हणाला. "कोण मेलं?"

"कुणी नाही. बाबा, त्या कपाटातल्या कागदावर चूक आहे."

"चूक नाही. मी सांगितलं तेच छापलंय."

वॉरेन बापाच्या खुर्चीपाशी आला. "मी त्या दिवशी यायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तुम्हाला राग आला होता."

"आला होता. तोइवोनं माझी पेटी उचलली, माझी कवळीची डबी उचलली, त्या बाईसमोर माझ्या औषधांची नावं वाचली. परका माणूस. मला लाज वाटली." रेइनो खाली लागलेल्या गाड्यांकडे बघत बोलत होता. एवढं एका दमात त्याला बोलताना वॉरेननं आयुष्यात ऐकलं नव्हतं. "मग त्या बाईनं वाचलं. मला वाटलं, अरे, हा तर तूच विचारतोयस. म्हटलं, तुला नीटच सांगतो."

"मग मला का नाही सांगितलंत? सात महिने येतोय मी."

"तू विचारलं नाहीस," बाप म्हणाला. "तुझ्या खिडकीनं विचारलं."

वॉरेनला वाटलं आता इथे बापाच्या खांद्यावर हात ठेवावा, पण त्या घरात ती रीत कधी नव्हती. त्यानं खुर्चीचे ब्रेक काढले. "लुसिलकडे चला. विचारायला मी असतो." रेइनोनं नको म्हटलं नाही. लिफ्टमध्ये दोघंही वरचे आकडे बघत राहिले.

लुसिलच्या टेबलापाशी वॉरेननं खुर्ची अशी लावली की बापाचा उजवा कान तिच्याकडे येईल. तिनं फॉर्म उघडला, मग खिडकी उघडली. वॉरेननं ती हजारदा पाहिली होती, पण टेबलाच्या या बाजूनं कधीच नाही. इथून ती फार लहान दिसत होती, तीन बटणं आणि एक रकाना. "अपत्ये?" लुसिलनं वाचलं. रेइनो पडद्याकडे बघत राहिला. कोपऱ्यातला हीटर ठकठक करत होता. लुसिलला घाई नव्हती, तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. पुन्हा वाचायला तिनं तोंड उघडलं तेव्हा वॉरेननंच खाली बसून, बापाच्या चेहऱ्यासमोर आपला चेहरा आणून विचारलं, "बाबा, मुलं किती तुम्हाला?" आवाज मोठाच निघाला, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा.

"ओरडू नकोस," रेइनो म्हणाला. "एक."

लुसिलनं लिहिलं. वॉरेन, मुलगा. मग नंबर, तोच, कामावरचा, दिवसा तो तिथेच सापडतो म्हणून. आणि आपल्या पद्धतीप्रमाणे तिनं फोन उचलला, फिरवला, दोघांना ऐकू यावं म्हणून स्पीकरचं बटण दाबलं. घंटा वाजायला लागली. चार झाल्या, सहा झाल्या. थेट टेबलावरचा नंबर; एप्रिलमधल्या त्या दिवशी वॉरेननं तो ऑफिसातल्या मुलीकडे वळवून ठेवला होता, आज तिथे दुसरं कोण उचलणार? "कोणी घेत नाही," लुसिल म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. "घेईल कोण म्हणा. ठेवते मी." तिनं हात पुढे केला तसा रेइनोनं तो धरला, धक्क्यावरच्या माणसाच्या पकडीनं.

"वाजू दे," तो म्हणाला. "आज तो तिथं नाही."